आप्पासाहेब भोसले पळपुटे होते का?

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं समितीने मला जूनमध्येच सांगून ठेवलं होतं. ‘सर, तुम्ही इतिहासाचे. सोसायटीचा इतिहास लिहा ना!’ पण आपल्या सोसायटीची पंचवीस वर्षं आपल्या पहिल्या सचिवांनी याच अंकात सविस्तर लिहिली आहेत, बोअरवेलच्या प्रकरणासकट. त्यात माझी भर कशाला? म्हणून मी विषय टाळत होतो. मग ऑगस्टमध्ये एक आणि गणपतीच्या मीटिंगमध्ये दुसरी, अशा दोन गोष्टी घडल्या आणि लिहिणं भाग पडलं.

पहिली गोष्ट १५ ऑगस्टची. झेंडावंदन आणि जिलेबी झाल्यावर मी सोसायटीतल्या मुलांना घेऊन सीताबर्डीच्या किल्ल्यावर गेलो. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. वर्षातून मोजकेच दिवस आपल्याला आत सोडतात, त्यामुळे गर्दी विचारू नका. वर पोचल्यावर मी मुलांना माझं ठरलेलं भाषण दिलं. इथे १८१७ साली भोसले आणि इंग्रज यांची लढाई झाली, या बाजूला इंग्रज होते, त्या बाजूला आपले अरब आणि मराठे, वगैरे. बी विंगमधली सातवीतली एक मुलगी लक्ष देऊन ऐकत होती. तिने विचारलं, ‘सर आजोबा, मग राजा कुठे उभा होता?’

मी म्हटलं, ‘राजा इथे नव्हता. तो महालात, आपल्या वाड्यात होता.’

‘घाबरला होता?’

मी म्हटलं, ‘हो.’

एकतीस वर्षं वर्गात मी हेच उत्तर दिलं होतं. तोंडातून आपोआप निघून गेलं.

मुलांना मात्र ती गोष्ट आवडली. खाली उतरता उतरताच त्यांनी ठरवलं की रौप्यमहोत्सवात आप्पासाहेबांवर नाटुकलं करायचं. राजा वेष बदलून पळतो तो प्रवेश कोण करणार यावरून रिक्षातच भांडणं झाली. विषय गणपतीच्या मीटिंगमध्ये आला तेव्हा आमचे एक स्नेही उभे राहिले. निवृत्त बँक अधिकारी, सकाळच्या फिरण्यातले माझे रोजचे सोबती, अतिशय सज्जन माणूस. ते म्हणाले, ‘ज्याने आपल्या अधू भावाचा गळा दाबला, इंग्रजांची पलटण स्वतः होऊन नागपुरात आणली, लढाईच्या दिवशी वाड्यात लपून बसला आणि शेवटी पळून गेला, त्याच्यावर आपल्या पोरांनी नाटक करायचं? दुसरा कोणी मिळाला नाही का राजेहो?’

सभा गप्प झाली. मीही गप्प बसलो. त्याचं कारण आज सांगतो. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी होता. ही चारही वाक्यं त्याच्या वहीत मीच लिहून दिली होती.

तेव्हा हा लेख म्हणजे एका मास्तरने स्वतःचीच वही पुन्हा तपासणं आहे. ज्यांना इतिहासाचा कंटाळा आहे त्यांनी पान उलटून सरळ पाककृतींकडे जावं, माझा राग नाही.

आधी घरचं भांडण समजून घ्यायला हवं, कारण सगळं तिथून सुरू झालं. नागपूरचे दुसरे रघूजी भोसले २२ मार्च १८१६ रोजी वारले. या माणसाने १८०३ साली इंग्रजांशी लढून मार खाल्ला होता. आडगावची लढाई हरली, गाविलगड गेला, आणि देवगावच्या तहात कटक आणि वर्धा नदीपलीकडचा वऱ्हाड हातातून गेला. इतकं होऊनही पुढची बारा-तेरा वर्षं त्यांनी एक गोष्ट केली नाही, ती म्हणजे इंग्रजांची तैनाती फौज आपल्या राज्यात घेणं. तैनाती फौज म्हणजे काय हे मुलांना मी असं समजावून सांगतो : आपल्या सोसायटीत दुसऱ्याच्या मालकीचे वॉचमन, पगार आपण द्यायचा, आणि गेट कधी उघडायचं ते त्यांनी ठरवायचं.

रघूजींचा मुलगा परसोजी गादीवर आला. तो दृष्टीने आणि शरीराने अधू होता, बुद्धीनेही कारभार करण्याजोगा नव्हता. त्याच्या नावाने राज्य कोणी चालवायचं? एका बाजूला रघूजींची राणी बाकाबाई आणि खजिन्यावर बसलेला धर्माजी भोसले. दुसऱ्या बाजूला रघूजींच्या धाकट्या भावाचा, व्यंकोजींचा मुलगा मुधोजी, म्हणजेच आपले आप्पासाहेब. वय जेमतेम विशीचं. आणि या दोन्ही बाजूंकडे शांतपणे बघत बसलेला इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेनकिन्स. त्याला नागपुरात येऊन तोवर दहा वर्षं होत आली होती. वाड्यात कोण कोणाशी बोलत नाही हे त्याला वाड्यातल्या माणसांपेक्षा जास्त ठाऊक असावं.

एप्रिलमध्ये आप्पासाहेबांनी धर्माजीला पकडलं आणि मे महिन्यात तो मारला गेला. यात आप्पासाहेबांचे हात स्वच्छ होते असं म्हणण्याचं धाडस मी करत नाही. त्याच महिन्यात, २७ मे १८१६ च्या रात्री, गुपचूप तह झाला. रघूजींनी जे जन्मभर टाळलं ते पुतण्याने दोन महिन्यांत करून टाकलं. सहा पलटणी पायदळ आणि एक रिसाला नागपूरच्या राज्यात येणार, आणि त्यासाठी दरसाल साडेसात लाख रुपये कंपनीला जाणार.

माझ्या स्नेह्यांचा हा आरोप मी जसाच्या तसा मान्य करतो. पलटण आप्पासाहेबांनीच आणली. घरच्या भांडणात बाहेरच्याला बोलावलं, आणि तेही स्वतःच्या खुर्चीसाठी. वय कमी होतं, सल्लागार लबाड होते, बाकाबाईंची बाजू जड होती, ही सगळी कारणं खरी आहेत. पण कारणं सांगितल्याने सही पुसली जात नाही. इतकंच म्हणेन की या सहीची किंमत काय आहे हे त्यांना वर्षाच्या आत कळलं. आणि कळल्यावर पेशव्यांचे आणि नागपूरचे दूत गुपचूप ये-जा करू लागले. चूक उमगल्यावर ती निस्तरायला निघालेला माणूस आणि तीच चूक जन्मभर चाटत बसलेला माणूस यांत फरक करायचा की नाही?

आता परसोजीच्या मृत्यूविषयी. १ फेब्रुवारी १८१७ च्या सकाळी परसोजी बिछान्यात मेलेले आढळले. आप्पासाहेब त्या वेळी नागपुरात नव्हते, चांद्याला होते. यावर माझे स्नेही लगेच म्हणतील, ‘अहो, गुन्हेगार नेहमी बाहेरगावीच असतो!’ बरोबर आहे. चांद्याहून हुकूम पाठवता येतो. मृत्यूचा फायदा कोणाला झाला असं विचारलं तर बोट आप्पासाहेबांकडेच जातं, आणि मराठी इतिहासकारांतल्याही बहुतेकांनी हा आरोप खरा धरला आहे.

मी फक्त तारखा शेजारी-शेजारी ठेवतो. परसोजी गेले फेब्रुवारी १८१७ मध्ये. कुजबुज तेव्हाच सुरू झाली होती, आणि जेनकिन्स नागपुरातच होता. ती कुजबुज त्याच्या कानावर गेली नसेल हे शक्य नाही. तरी कंपनी सरकारने आप्पासाहेबांना नागपूरचे राजे म्हणून मान्यता दिली. त्या वेळी आप्पासाहेब कंपनीचे दोस्त होते, तहावर सही करणारे होते. मार्च १८१८ मध्ये त्यांना पकडल्यावर मात्र परसोजीचा खून हा त्यांच्यावरचा मोठा गुन्हा म्हणून पुढे आला. मग साक्षी मिळाल्या, जबान्या मिळाल्या. कोणतंही न्यायालय बसलं नाही, आरोपीला उलटतपासणीची संधी मिळाली नाही. आरोप करणारा, चौकशी करणारा आणि निकाल देणारा एकच. वर त्या निकालाचा लाभार्थीही तोच, कारण आप्पासाहेबांना काढून कोवळ्या वयाच्या तिसऱ्या रघूजींना गादीवर बसवल्यावर पुढची आठेक वर्षं नागपूरचा कारभार खरं तर जेनकिन्सच्याच हातात होता.

आप्पासाहेब निर्दोष होते, असं यावरून सिद्ध होत नाही. मी तसं म्हणतही नाही. पण आमच्या सोसायटीत पार्किंगच्या भांडणात सुद्धा आपण दोन्ही बाजू ऐकून घेतो. दोनशे वर्षांपूर्वी ज्या माणसाची बाजू कोणी ऐकलीच नाही, त्याच्याबद्दल मी वहीत ‘खुनी’ असं ठळक अक्षरात लिहून दिलं. ‘संशयित’ लिहायला हवं होतं. शब्द एकच बदलतो, पण तो बदलायला मला एकतीस वर्षं लागली.

सीताबर्डीकडे वळू. इथे एक गंमत सांगतो. आपण सगळे ‘सीताबर्डीच्या किल्ल्याची लढाई’ म्हणतो. लढाई झाली तेव्हा तिथे किल्ला नव्हता. दोन उघड्या टेकड्या होत्या, एक मोठी आणि एक लहान, आणि पायथ्याशी रेसिडेन्सी. आज आपण तिकीट न काढता बघतो ती तटबंदी लढाई जिंकल्यावर इंग्रजांनी बांधली. टेकडी त्यांनी तहातच लिहून घेतली होती. परत असा प्रसंग आला तर तयारी असावी म्हणून!

५ नोव्हेंबर १८१७ रोजी पुण्यात खडकीला पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई जुंपली. ती बातमी नागपुरात पोचलेली असताना आप्पासाहेबांनी २४ नोव्हेंबरला भर दरबारात पेशव्यांकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रं आणि जरीपटका स्वीकारला. जेनकिन्सला दरबाराचं बोलावणं होतं, तो गेला नाही. हे जरा थांबून बघा. ज्या पेशव्याशी इंग्रजांचं उघड युद्ध सुरू आहे, त्याची वस्त्रं इंग्रजांची पलटण दाराशी असताना, वाजतगाजत अंगावर घ्यायची. घाबरलेला माणूस असं करत नाही. घाबरलेला माणूस ताप आल्याचं सांगून दरबार पुढे ढकलतो.

२६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला तो रात्री उशिरापर्यंत चालला. इंग्रजांकडे लेफ्टनंट कर्नल स्कॉट होता, माणसं साधारण चौदाशे. भोसल्यांकडची फौज त्याच्या दहापटीहून जास्त, पण तिच्यात जीव तोडून लढणारे होते ते मुख्यतः अरब. २७ तारखेला सकाळी अरबांनी लहान टेकडी घेतली. इंग्रजांची अवस्था बिकट झाली. मग दोन गोष्टी घडल्या. कॅप्टन फिट्झजेराल्डने आपल्या बंगाल रिसाल्याच्या तीन तुकड्या घेऊन मैदानात मुसंडी मारली, आणि लहान टेकडीवर दारूगोळ्याची गाडी उडाली. त्या धुरात आणि गोंधळात टेकडी परत गेली. दुपारपर्यंत सगळं संपलं होतं. इंग्रजांकडची साडेतीनशेहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली, म्हणजे दर चारांत एक. इतकं घासून गेलेलं हे प्रकरण.

आणि राजा? तो खरंच वाड्यात होता. एवढंच नाही, लढाई फसल्यावर त्याने निरोप पाठवला की हा हल्ला माझ्या हुकमावाचून झाला, मला फार वाईट वाटतं. मुलीने टेकडीवर विचारलं ते मी परत परत मनात घोळवलं. घाबरला होता का? मला आता वाटतं की तो दोन्ही दरवाजे उघडे ठेवत होता. जिंकलो तर लढाई माझी, हरलो तर शिपायांची. राजकारणात ही चाल जुनी आहे, आजही रोज पेपरात दिसते. चाल म्हणून ती वाईटच, कारण राजा समोर नसल्यामुळे त्या दोन दिवसांत फौजेचा मोठा भाग नुसता बघत उभा राहिला. ते टेकडीवर आले असते तर नागपूरचा इतिहास वेगळा झाला असता, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. हा दोष त्यांचा आहे आणि तो मोठा आहे. पण दोष हिशोब चुकल्याचा आहे, भित्रेपणाचा नाही. मी दोन्ही एकाच शब्दात बसवले होते.

डिसेंबरमध्ये जनरल डव्हटन जालन्याहून मोठी फौज घेऊन आला. १६ डिसेंबरला आप्पासाहेब स्वतः इंग्रजांच्या छावणीत जाऊन हजर झाले. तोफा देतो, फौज मोडतो, असं कबूल केलं. फौजेने मात्र ते ऐकलं नाही. त्याच दिवशी सक्करदऱ्याच्या बाजूला लढाई झाली. आपल्यापैकी अनेकांचं रोजचं दूध-भाजी त्या भागातून येतं, तेव्हा पुढच्या वेळी तलावाजवळून जाताना आठवा. तिथे हरल्यावर अरब शहरात शिरले आणि महाल धरून बसले. २४ डिसेंबरला इंग्रजांनी जुम्मा दरवाजावर हल्ला चढवला. हा म्हणजे आपला गांधी गेट. तो हल्ला अरबांनी परतवला. शेवटी ३० डिसेंबरला अटी ठरवून ते आपल्या हत्यारांसह बाहेर पडले. राजा शत्रूच्या तंबूत आणि त्याचे चाकर दोन आठवडे शहर लढवत आहेत, हे चित्र काही चांगलं नाही. इथे मी आप्पासाहेबांचा वकील नाही.

माझ्या वहीत गोष्ट जवळजवळ इथेच संपायची. ‘पुढे आप्पासाहेबास कैद झाली, तो पळून गेला व परागंदा अवस्थेत मेला.’ एक वाक्य, परीक्षेत एक मार्क. आणि खरी गोष्ट तर इथून सुरू होते.

जानेवारी १८१८ मध्ये त्यांना पुन्हा गादीवर बसवलं गेलं, पण कशा अटींवर? नर्मदेकडचा मुलूख, गाविलगड, उरलासुरला वऱ्हाड, सगळं कंपनीला. कारभार रेसिडेंटच्या सल्ल्याने. वाड्याभोवती इंग्रजांचा पहारा. शहाणा माणूस अशा वेळी पान खाऊन गप्प बसतो. या माणसाने पळतीवर असलेल्या बाजीरावाशी पुन्हा पत्रव्यवहार सुरू केला आणि गोंड सरदारांना निरोप पाठवले. मंडल्याच्या किल्लेदाराने किल्ला द्यायला नकार दिला, त्याच्यामागेही नागपूरचा गुप्त हुकूम असल्याचं इंग्रजांचं म्हणणं होतं. एकदा हरून, माफी मागून, सगळं लिहून देऊन झाल्यावर दोन महिन्यांत पुन्हा तेच! जेनकिन्सने याला विश्वासघात म्हटलं. त्याच्या बाजूने तो बरोबरच होता. पण आपण जेनकिन्सच्या बाजूने का म्हणावं, हा माझा प्रश्न आहे.

१५ मार्च १८१८ रोजी आप्पासाहेबांना वाड्यातून पकडून नेलं. अलाहाबादच्या किल्ल्यात ठेवायचं ठरलं. वाटेत, जबलपूरच्या अलीकडे रायचूर नावाच्या गावी मुक्काम होता. १२ आणि १३ मे मधल्या रात्री पहारा बदलताना एक शिपाई जास्त बाहेर पडला. तो शिपाई म्हणजे आप्पासाहेब. कंपनीच्या शिपायाचा वेष घालून ते कंपनीच्याच छावणीतून चालत निघून गेले. त्यांना वाट देणारे कोण होते? कंपनीचेच हिंदी शिपाई. त्यांतले काही त्यांच्याबरोबर निघून गेले. १८५७ ला तेव्हा अजून एकोणचाळीस वर्षं बाकी होती.

माझे स्नेही याला ‘पळून गेला’ म्हणतात. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले त्याला आपण काय म्हणतो? दोन माणसांची तुलना करण्याचा वेडेपणा मी करणार नाही, ती होऊच शकत नाही. पण कैदेतून निसटण्याला एका ठिकाणी एक शब्द आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरा शब्द, हे मास्तर म्हणून मला खटकायला हवं होतं. माणूस लढाईतून पळाला तर पळपुटा. कैदेतून पळाला तर पुढे कुठे गेला हे बघावं लागतं.

कुठे गेला? महादेवाच्या डोंगरात. आपल्यापैकी निम्मी घरं तरी नागद्वारला किंवा महाशिवरात्रीला जाऊन आली असतील. चार वर्षांपूर्वी आपली सोसायटीची सहल पचमढीला गेली होती, तेव्हा बसमध्ये अंताक्षरी चालली होती आणि मी खिडकीतून तेच डोंगर बघत होतो, पण हे डोक्यात आलं नाही. त्या दऱ्यांत हर्रईचे गोंड ठाकूर चैनशहा यांनी आप्पासाहेबांना आसरा दिला. गोंड, नागपुरातून निघालेले अरब, फौज मोडल्यावर बेकार झालेले शिपाई गोळा झाले. २० जुलै १८१८ रोजी बैतूलजवळ कॅप्टन स्पार्क्सची शंभरएक शिपायांची तुकडी त्यांनी जवळजवळ पूर्ण कापून काढली. त्यानंतर मुलताई घेतली. तापीचं उगमस्थान, आज आपल्याकडून रेल्वेने अडीच-तीन तासांवर. पावसाळाभर त्या भागात कंपनीचा अंमल नावापुरता राहिला.

इंग्रजांनी आप्पासाहेबांच्या डोक्यावर बक्षीस लावलं. रोख रक्कम लाखात होती, वर जहागिरीचं आमिष. त्या काळचे लाख म्हणजे किती, याचा अंदाज साडेसात लाखांत सगळी तैनाती फौज पोसली जायची यावरून करा. आणि ज्यांना हे आमिष दाखवलं ते डोंगरातले गोंड, ज्यांच्या घरात मीठ विकत घ्यायची मारामार. नऊ महिने हा माणूस त्यांच्यात राहिला. एकानेही त्याला धरून दिलं नाही.

मला हा पुरावा सगळ्यात मोठा वाटतो. जेनकिन्सच्या कागदांपेक्षा मोठा. अंगात पाणी नसलेल्या, केवळ जीव वाचवत पळणाऱ्या राजपुत्रासाठी अनोळखी माणसं लाखाची रक्कम लाथाडत नाहीत, आपली गावं जाळून घेत नाहीत. पुढे इंग्रजांनी डोंगराला सगळीकडून वेढा घातला, चैनशहा पकडले गेले. फेब्रुवारी १८१९ मध्ये आप्पासाहेब चित्तू पेंढाऱ्याबरोबर पहाऱ्यांतून निसटून असीरगडाकडे गेले. एप्रिलमध्ये असीरगड पडला. आत शिरलेल्या इंग्रजांना आप्पासाहेब काही सापडले नाहीत.

पुढचा प्रवास मी थोडक्यात सांगतो. ते पंजाबात रणजितसिंगांच्या लाहोरला गेले. तिथे मदत मिळाली नाही. काही वर्षं हिमालयाच्या पायथ्याशी मंडीकडे काढली. शेवटी जोधपूरला येऊन महामंदिरात आश्रय घेतला. कंपनीने जोधपूरच्या मानसिंग महाराजांकडे त्यांची मागणी केली. आलेल्याला देणार नाही, असं मानसिंगांनी सांगितलं आणि तो हट्ट सोडला नाही. तिथेच जुलै १८४० मध्ये आप्पासाहेब वारले. नागपूर सोडल्याला बावीस वर्षं झाली होती. परत एकदाही बघायला मिळालं नाही.

आता दुसऱ्या पारड्यात बघा. ज्या बाजीरावाची वस्त्रं आप्पासाहेबांनी घेतली, तो ३ जून १८१८ रोजी माल्कमच्या स्वाधीन झाला आणि सालाना आठ लाखांची पेन्शन घेऊन बिठूरला राहिला. आप्पासाहेब त्या वेळी डोंगरात माणसं गोळा करत होते. आणि ज्यांनी सगळं निमूट ऐकलं त्यांचं काय झालं? तिसरे रघूजी इंग्रजांच्या शब्दाबाहेर गेले नाहीत. डिसेंबर १८५३ मध्ये ते वारले, पोटी मुलगा नव्हता, आणि डलहौसीने १८५४ मध्ये नागपूर खालसा केलं. वाड्यातले हत्ती-घोडे आणि जडजवाहीर लिलावात विकले गेले. बाकाबाईंनी तो दिवसही डोळ्यांनी पाहिला. (बाकाबाईंवर अन्याय करायचा नाही, त्यांच्यावर वेगळा लेख होईल. समितीने सुवर्णमहोत्सवापर्यंत मला ठेवलं तर!)

क्रांतिकारक हा शब्द आप्पासाहेबांना लावावा का, यावर माझं आणि माझ्या मुलाचं फोनवर बरंच वाजलं. तो म्हणतो, ‘बाबा, त्यांना स्वतःची गादी हवी होती, बाकी काही नाही.’ १८१७ पर्यंत त्याचं म्हणणं मला पटतं. मे १८१८ नंतरच्या माणसाला मात्र मी दुसऱ्या रांगेत बसवतो. त्याच्याकडे राजवाडा नव्हता, खजिना नव्हता, तोफा नव्हत्या. होते ते गोंड, अरब आणि कंपनीची नोकरी सोडून आलेले शिपाई. वीस वर्षांचा सही करणारा मुलगा आणि बावीस वर्षं शरण न जाणारा माणूस, दोघे एकाच नावाचे आहेत. मी मुलांना फक्त पहिला शिकवला.

गेल्या आठवड्यात फिरताना मी हे सगळं स्नेह्यांना सांगितलं. दोन फेऱ्या ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘परसोजीचं मला पटत नाही. ते प्रकरण तुम्ही गुळगुळीत करताय.’ असेल. त्यांना मी सांगितलं की नाटुकल्यात तो प्रवेश ठेवू. मुलांनी तो असा लिहिला आहे की पडदा उघडतो तेव्हा बिछाना रिकामा आहे, आणि दरबारातला प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. जेनकिन्स कोपऱ्यात बसून सगळं वहीत लिहून घेतो. जेनकिन्सची भूमिका करायला आमचे हेच स्नेही तयार झाले आहेत, कारण त्यांच्याकडे हॅट आहे.

आप्पासाहेब ती बी विंगमधलीच मुलगी करणार आहे. मी तिला टेकडीवर दिलेलं उत्तर मागे घेतलं आहे, तिच्या आईसमोर. तिने विचारलं, ‘मग खरं काय?’ मी म्हटलं, ‘तू करून बघ, आणि मला सांग.’

तालीम रोज संध्याकाळी साडेसहाला, क्लबहाउसमध्ये. पहाऱ्याच्या प्रवेशासाठी शिपायांचे लाल कोट कमी पडताहेत. कोणाकडे बँडवाल्याचा किंवा शाळेच्या परेडचा जुना लाल कोट पडून असेल तर कृपया माझ्याकडे आणून द्यावा. पाच मिळाले आहेत, सहावा हवा आहे.